केशरकाकीचे दोन मुराळी

आमच्या दिग्गीकडच्या वाड्यांत केशर कोणी पाहिलेलं नव्हतं. पाहिली होती ती केशरकाकी, आमच्या शेजारच्या झिलूकाकाची बायको. रंगाने नाचणीच्या भाकरीसारखी आणि आवाजाने खणखणीत. तिच्या बापाने हे नाव कुठून आणलं ते तिलाही माहीत नव्हतं. "हल्याळच्या बाजारात कुनी शेठानी बगितली असंल बाबानं," ती म्हणायची, "नाव तेवढं आनलं, दागिने आनायला इसरला."

तर या काकीला सुट्टी हवी होती. सुट्टी हा शब्द माझा, सुप्याच्या शाळेतला. आम्हा पोरांना दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, विलायतेत राजा गादीवर बसला तर त्याचीसुद्धा सुट्टी. काकीला यातली एकही लागू नव्हती. तिचा शब्द माहेरपण. लावणी, बेणणी, कापणी, मळणी असं करत भात एकदा घरात आलं, की माघातल्या उळवीच्या जत्रेपर्यंत रानात फारसं काम नसतं. तेवढ्या सापटीत आमच्याकडच्या सुना माहेरी जातात, आईच्या हातचं खातात आणि दुपारी झोपतात. दुपारी झोपणं हे त्यातलं मुख्य.

पण माहेरी जायचं तर मुराळी लागतो. मुराळी म्हणजे न्यायला येणारं माहेरचं माणूस. त्याने दारात येऊन "बाईला न्यायला आलोय" असं म्हटल्याशिवाय सून वाट धरत नाही. आपल्या पायांनी गेली, तर सासरचे म्हणतात पळून गेली आणि माहेरचे म्हणतात हाकलून दिली. काकीकडे किती तरी वर्षांत मुराळी आला नव्हता. तिचा थोरला मुलगा नांगर धरायला लागला, धाकटा गुरांमागे जायला लागला, तरी नाही.

कारण असं की काकीचं माहेरच उठलं होतं. वडखोल नावाची रानातली वाडी, चार-सहा घरांची. सरकारने कुमरी बंद केली. रान तोडून, जाळून, त्या राखेत नाचणी पेरायची ही आमच्या लोकांची जुनी शेती. ती गेल्यावर वडखोलात खायचं काय? आईबाप आधीच गेलेले. थोरला भाऊ लखू कुंभारवाड्याकडे भातशेती करायला गेला. धाकटा कान्हू कॅसलरॉकला, लाकडं वॅगनीत चढवायला.

घर सोडताना आमची माणसं कुडाच्या भिंती तिथेच टाकतात आणि लाकूड बरोबर नेतात. त्या लाकडावरूनच दोघांचं बिनसलं. मधला खांब बापाने स्वतः तासलेला, किंदळीचा, दोन्ही हातांत न मावणारा. लखू चौकट घेऊन पहिल्या खेपेला गेला, आणि खांबासाठी परत आला तर कान्हूने खांब उपटून नेलेला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एकाकडे घराचं दार, दुसऱ्याकडे घराचा खांब, आणि घर कुणाकडेच नाही.

हे सगळं काकीला कळलं ते बांगड्या भरायला येणाऱ्या कासाराकडून. तेव्हापासून दरवर्षी मळणी झाली की ती पायवाटेकडे तोंड करून तांदूळ पाखडायला बसायची. तिची सासू लाडूआजी ओसरीवरून ओरडायची, "वाटंकडं बगून पाखडलंस तर कोंडा घरात येतोय गो, आनि तांदूळ वाटंवर जातोय!" आजीच्या तोंडात दात थोडे होते, पण चावायला पुरेसे.

एका वर्षी माघात काकी अशीच पाखडत असताना लखू वाटेवर दिसला. खांद्यावर कोन. कोन हा आमच्या मातीतला कंद, चांगला पोसला तर माणसाच्या मांडीएवढा होतो. लखूने आणलेला त्याच्या मांडीपेक्षा जाड होता. अर्थात लखू किडकिडीतच.

"बाय, चल. न्यायला आलोय," तो म्हणाला.

काकी सूप घेऊनच उभी राहिली. "दादा?" एवढंच म्हणाली.

"आलास?" आजी म्हणाली. "तू वाट इसरला हुतास, का वाट तुला इसरली?"

लखू ओसरीवर टेकला. गूळपाणी आलं. तांब्या तोंडाला लावतोय तोच अंगणाच्या दुसऱ्या बाजूने कान्हू आला. डोक्याला टोपी, तोंडात विडी, हातात खारीक-खोबऱ्याचा पुडा. "अक्का! आवर लवकर, तुला न्यायला आ..." मग त्याला लखू दिसला. लखूने तोंड भिंतीकडे केलं. कान्हू ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसला. दोघांच्या मधे एवढी जागा, की तिथे सहज एक म्हैस बांधता आली असती.

सगळी वाडी गोळा झाली. इतक्या वर्षांत एक मुराळी आला नव्हता, आणि आता दोन, एकाच दिवशी!

लखू भिंतीला म्हणाला, "एवढी वर्सं त्याच्याकडं जातीस, यंदा तरी थोरल्याकडं ये म्हनून आलो. आज बी तो आडवा आलाच."

"माझ्याकडं?" कान्हूच्या तोंडातली विडी पडली. "अक्का, तू तर ह्याच्याकडं जात हुतीस न्हवं? म्हनून तर मी गप हुतो. म्हटलं, थोरला न्हेतोय, बोलवायचं असंल तर तीच निरोप धाडंल."

दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळे एकाला दुसऱ्याचं काही कळलेलं नव्हतं. बहीण दुसऱ्याच्या घरी सुखाने दूधभात खातेय असं समजून दोघेही रुसून बसले होते, आणि बहीण इथे वाटेकडे बघून तांदूळ पाखडत होती.

काकीने सूप खाली ठेवलं. "धन्य तुमची दोगांची," ती म्हणाली आणि चुलीपाशी निघून गेली. धूर नसतानाही तिथे तिच्या डोळ्यांना बराच वेळ पाणी येत होतं, असं माझी आई सांगते.

आता प्रश्न पडला: जायचं कुठे?

कान्हू म्हणाला, "अक्का, तुला आगगाडी दाखवतो. बोगद्यातनं भाईर येती तवा म्हातारी मानसंबी धोतर सावरत पळत्यात."

लखू भिंतीला म्हणाला, "धूर खाऊन पोट भरत न्हाई म्हनावं. माझ्या घरात म्हस व्यालीय. खरवस कुनी खायचा?"

"अक्का, तुझ्या लग्नाचा मांडव ज्या खांबाला बांधला त्यो माझ्या घरात हाय. माहेर तितंच."

"बाय, तू ज्या दारातनं सासरी निघालीस ते दार माझ्याकडं. त्याच दारातनं आत यायचं. खांबातनं कुनी आत जातंय व्हय?"

झिलूकाका भला माणूस. भांडण मिटावं म्हणून म्हणाला, "त्यापरीस आपन सगळीच उळवीला जाऊ. गाडी जोडतो. जत्रा बी हुईल, हिला इसावा बी."

"व्हय तर," आजी म्हणाली. "गाडीत मी बी बसनार. म्हंजे सासरच गाडीत बसून संगं येतंय. लई इसावा मिळंल तिला."

मग बुधवंताला बोलावलं. आमच्याकडे गावातल्या तंट्यांचा निवाडा बुधवंत करतो. आमचा म्हादू बुधवंत फार शहाणा. निवाडा असा द्यायचा की दोन्ही बाजूंना आपण हरलो असं वाटावं. पान चावत त्याने दोन्ही भावांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अर्धे दिस ह्याच्याकडं, अर्धे त्याच्याकडं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कान्हूने विचारलं, "आदी कुनाकडं?" बुधवंताने पानाची पिंक टाकली, गुरं सोडायची वेळ झाली म्हणाला आणि गेला.

पाहुणे राहिले. वाडीत दोन तट पडले. ओढ्यावर धुणं धुताना बायका भांडल्या. अर्ध्या खरवसाच्या बाजूच्या, अर्ध्या आगगाडीच्या. आगगाडीच्या बाजूच्यांपैकी कुणीही आगगाडी पाहिलेली नव्हती, म्हणून त्यांचा आवाज जास्त होता.

काकी मात्र कुठल्याच तटात नव्हती. तिन्हीसांजेला ती चुलीत लाकूड सारत होती, तेव्हा लाडूआजी शेजारी येऊन बसली. हे काकीने मला पुढे कितीदा तरी सांगितलं, आणि हे सांगताना तिचा खणखणीत आवाज उतरायचा.

"केशर," आजी म्हणाली. एरवी ती नावाने हाक मारायची नाही. "मला बी दोन भाव हुते. दोगांचं पटत नव्हतं. एकदा दोगांचं बी बोलावनं आलं. मी धाकट्याकडं गेले, तितं माझी आई हुती म्हनून. थोरला परत ह्या अंगनात आला न्हाई. मी मेलेय का जिती हाय ते बी इचारलं न्हाई त्यानं. तू एकाच्या मागनं गेलीस की दुसरा तुटला म्हनून समज. बग बाई."

"मग न्हाईच जात," काकी म्हणाली.

"न्हाई गेलीस तर दोगंबी तुटले."

काकीने लाकूड आत सारलं आणि विचारलं, "आये, दोगं एकाच दिशी कसे आले?"

"कासारानं दोगांस्नी निरोप दिला म्हनत्यात."

"कासाराला कुनी सांगितलं?"

"मला काय ठावं? त्यो कासार लई बोलका हाय मेला," आजी म्हणाली, आणि उठून बाहेर कोंबड्यांना शिव्या देऊ लागली. कोंबड्या केव्हाच डालल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी धुतलेलं लुगडं नेसून ओसरीवर आली. हातात गाठोडं. दोन्ही भाऊ उठून उभे राहिले.

"मी वडखोलला जानार," काकी म्हणाली.

"वडखोलला?" लखू चक्क तिच्याकडे तोंड करून बोलला. "तितं काय हाय? रान हाय. ना घर, ना दार."

"दार तुझ्याकडं हाय, खांब ह्याच्याकडं. तुम्ही न्हेलं त्याबद्दल माझं काय म्हननं न्हाई. जे तुम्हांस्नी उचलून न्हेता आलं न्हाई, तिकडं मी जानार. आईबाबाची जागा हाय ती. तुम्ही मुराळी ना? मग चला, पोचवा."

"त्यो यीत असंल तर मी न्हाई," कान्हू म्हणाला.

"नगो येऊस. दादा न्हेईल."

हे कान्हूला कसं चालणार? तो एकटा न्यायला लागला असता तर लखूलाही चाललं नसतं. म्हणून दोघेही निघाले. झिलूकाकाने तांदूळ, कुळीथ, मीठ-मिरची आणि एक मडकं बांधून दिलं. "घरात रांधनार कोन?" असं तो चुकून बोलून गेला, तेव्हा आजी म्हणाली, "का? मी काय मेलेय?"

वाट अरुंद होती. पुढे लखू, मधे काकी, मागे कान्हू. काकी थांबली की दोघे थांबत, पण काय झालं ते एकमेकांना न विचारता. वडखोलच्या तोंडाशी रानाचा गार्ड भेटला. राखीव रानात मुक्कामाला बंदी. काकीने वाडीचा देव दाखवला. झाडाखाली मांडलेले ते धोंडे अजून तिथेच होते. "देवाला नारळ द्यायला आलोय. पूजा जरा लांबची हाय." गार्डने तिच्या गाठोड्यातून डोकावणाऱ्या मडक्याकडे पाहिलं, लखूच्या खांद्यावरच्या त्याच कोनाकडे पाहिलं. असली पूजा त्याने पाहिलेली नसावी. पण बाई माणूस, देवाचं काम. "आग नीट इझवा" म्हणून तो गेला.

घराच्या जागी कारवी माजली होती. काकी सरळ आत शिरली आणि वाकून पाल्यात हात घालत सुटली. "हितं जातं हुतं. हितं बाबा बसायचा. हितं गोठ्याचं दावं." भाऊ बघत राहिले. मग तिच्या हाताला चुलीचे धोंडे लागले. तीन होते तसेच, मातीत अर्धे रुतलेले, आतल्या अंगाने अजून काळे. दार आणि खांब यांच्या भांडणात चूल कुणाला आठवलीच नव्हती.

काकी त्या धोंड्यांपाशी मांडी घालून बसली. "मी आता माहेरी आलेय. मी कशाला हात लावनार न्हाई. तुम्ही रांधा."

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. कॅसलरॉक काय आणि कुंभारवाडा काय, दोघांनीही जन्मात कधी चूल पेटवली नव्हती.

पहिल्या दिवशी सगळं बोलणं काकीच्या मार्फत चाललं.

"अक्का, त्याला म्हनावं कोयता दे."

"दादा, कोयता दे."

"बाय, त्याला सांग, धार संबाळ. मागं आंगठा कापून घेतला हुता."

"कान्हू, आंगठा संबाळ."

असा मांडव उभा राहिला. एका बाजूला कललेला, कारण एक बाजू लखूने बांधली आणि एक कान्हूने, आणि उंची कुणी कुणाला विचारली नाही. भात खाली करपला, वर कच्चा राहिला. काकी सांगायची, "असा भात मी जन्मात खाल्ला न्हाई. दोनदा वाढून घेतला." दर वर्षी सांगताना हा भात आणखी करपत जाई; मी शेवटचं ऐकलं तेव्हा तो कोळसा झाला होता आणि काकीने तो चारदा वाढून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी काकी ओढ्यावर गेली. लहानपणीचा सपाट दगड जागेवर होता. पाय पाण्यात सोडून ती बसली. परत जायची घाई नव्हती. कुणी "कुटं हायस गो?" म्हणून हाक मारणार नव्हतं. तेवढ्यात वरून आवाज आले. आधी तिला वाटलं गार्ड आला. मग नीट ऐकू आलं.

"कुळथाच्या कढीत आई चिंच घालायची."

"चिंच न्हाई, कोकम! तुला काय ठावं, तू गुरांमागं असायचास!"

"मी गुरांमागं हुतो म्हनून तुम्ही दूध पीत हुता!"

"आनि खांब न्हेताना इचारलं हुतंस मला? बाबानं तासताना मी धरला हुता त्यो, तू पाळन्यात हुतास!"

"इचारनार कसं, तू चौकट न्हेताना मला इचारलं हुतंस?"

भांडण चांगलंच रंगलं. मडकं उतू गेलं तेही कुणाच्या ध्यानात आलं नाही. काकी मधे पडली नाही. एवढ्या वर्षांनी दोघे समोरासमोर बोलत होते. कढी गेली तर गेली. ती दगडावर आडवी झाली. ऊन पाल्यातून गाळून येत होतं, पाणी कानाशी वाहत होतं, आणि वर दोन भाऊ आईच्या कढीवरून एकमेकांचा उद्धार करत होते. त्यातच तिचा डोळा लागला. दुपारची झोप. लग्नानंतरची पहिली, असं तिचं म्हणणं.

जागी झाली तेव्हा दोघे काठावर उभे होते, घाबरलेले. "बाय, आमाला वाटलं रागावून सासरी गेलीस."

"कढीत काय घातलं शेवटी?" काकीने विचारलं.

दोघे खाली बघू लागले. दोन्ही घातलं होतं.

भाऊ एका दिवसात गळ्यात गळे घालायला लागले असं काही झालं नाही. आमच्याकडची माणसं तशी नाहीत. पण मांडवाची कललेली बाजू दोघांनी मिळून उचलली, आणि लखूने कान्हूकडून एक विडी मागून घेतली. शिधा संपेपर्यंत काकी तिथे राहिली. रोज दुपारी झोपली. मग दोघांनी तिला परत आणून पोचवलं.

लाडूआजीने अंगणातूनच विचारलं, "काय गो, कुनाकडं गेली हुतीस?"

"दोगांकडं," काकी म्हणाली.

आजीने आत जाऊन स्वतःच्या हाताने तिला पेज वाढली. हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पुढे वडखोलात सरकारने सागवान लावलं. आता तिथे रांगाच रांगा आहेत, धोंडे कुठे गेले सांगता येत नाही, आणि गार्डही नवा आहे, पूजेला न फसणारा. पण ही पुढची गोष्ट. काकी माहेरपण करून आली, त्याच वर्षी पावसाळ्यात लाडूआजी गेली. दोन-चार दिवस ताप आला आणि गेली.

माघ आला. मळणी झाली. वाटेवर लखू दिसला आणि त्याच्या मागे कान्हू. दोघे एकाच वाटेने आले होते, पण वाडीच्या हद्दीत शिरल्यावर एकमेकांत बेतशीर अंतर ठेवून चालत होते. लोकांनी भलतंच काही समजू नये म्हणून. यंदा लखूकडे जायचं, कान्हूनेही तिथेच मुक्काम करायचा, आणि पुढच्या वर्षी कान्हूकडे, हे त्यांनी येतानाच ठरवून टाकलं होतं. काकीला कुणी विचारलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

गाठोडं तयारच होतं. ते उचलून ती ओसरीवर आली आणि सवयीने आत वळून म्हणाली, "आये, जाऊ न्हवं?" मग तिच्या लक्षात आलं की घरात थोरली आता तीच. जा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

झिलूकाका म्हणाला, "जा की."

ती निघाली, आणि ओढा ओलांडेपर्यंत रडत गेली. कान्हू कासावीस झाला. "अक्का, बाया सासरी जाताना रडत्यात. तू माहेरी जाताना रडतीस. लोक काय म्हनतील?"

"गप रे," लखू त्याला म्हणाला. "रडू दे तिला. घर अजून लांब हाय."